लाईट आली की रामकिसन बोलायचा

ज्या घरात नुसत्या बायका राहतात तिथं आमचे हे एकटे दुरुस्तीला जात नसत. मला बरोबर न्यायचे. मी विमल, आणि हे म्हणजे भालचंद्र. अंबडला कोर्टामागच्या बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं ना, ते यांचं. लोक हसायचे. मेकॅनिक पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर आणतो आणि सोबत बायको आणतो म्हणायचे. मीही चिडायचे, कारण कणीक भिजवून ठेवावी आणि यांनी दारात उभं राहून "चल, एक टीव्ही बघायचाय" म्हणावं. टीव्ही हे बघणार, आणि मी त्या घरातल्या बायकांशी बोलत बसणार. चारचौघांत माझ्याशी दोन शब्द बोलायला लाजणारा माणूस, पण या एका बाबतीत ऐकायचा नाही.

आता हे फक्त मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतात. ज्यातून माणसाचा आवाज निघतो असं काहीही हातात घेत नाहीत. रेडिओ नाही, टीव्ही नाही, कॉम्प्युटरचं तर नावच काढू नका. लोकांना वाटतं वय झालं, नजर गेली. नजर काही गेलेली नाही. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेला केस यांना दुरून दिसतो. खरं कारण तीर्थपुरीच्या एका घरात आहे, आणि हे स्वतः ते कधी कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

सासरे कोर्टात कारकून होते. मुलानंही तिथंच चिकटावं असा त्यांचा आग्रह. पण हे एक्क्याऐंशी-ब्याऐंशी सालापासून बिघडलेल्या रेडिओंच्या मागं लागले ते लागलेच. रेडिओ संपत आले तसे टीव्ही आले, आणि पुढं गावात कुणाकुणाच्या घरी कॉम्प्युटर दिसायला लागले तेव्हा हे औरंगाबादला मित्राच्या दुकानात जाऊन बसून तेही शिकून आले. चाळिशी उलटलेली, पोरंसोरं शिकवणार, पण यांना लाज म्हणून वाटली नाही. कुठलंही मशीन आलं की आधी मालकाला विचारायचे, "शेवटचं नीट कधी चाललं होतं? तेव्हा घरात काय झालं होतं?" जुन्या वैद्यांसारखं. लोक वैतागायचे. घरात काय झालं याच्याशी मशीनचा काय संबंध? पण निम्मे बिघाड यांना त्या उत्तरातच सापडायचे. पाहुण्यांच्या पोरानं बटणं दाबलेली असायची, नाहीतर नव्या सुनेनं ओल्या फडक्यानं सगळं लख्ख पुसलेलं असायचं.

दिवाळी होऊन गेली होती. दोन हजार दोन साल असेल. जालन्याला दिलेली कांताबाई नावाची एक बाई दुकानात आली. तिचं माहेर तीर्थपुरीचं. भावाचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणाली, घरी येऊन बघायला पाहिजे.

"भावाला सांगा, मशीन इथं घेऊन या," हे म्हणाले.

"भाऊ वारला," कांताबाई म्हणाली. "मागल्या साली. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, तिच्यावर गाडी गेली. घरात माय अन् वैनी, दोघीच हैत. माय मशीन घराच्या भाईर काढू देत न्हाई."

दोघीच म्हटल्यावर माझी कणीक पुन्हा झाकली गेली.

आम्ही एस.टी.नं पोचलो तेव्हा तीर्थपुरीत लाईट नव्हती. त्या वर्षी लोडशेडिंगचा इतका कहर होता की लाईट आहे असं सांगायला लोक एकमेकांच्या घरी जायचे. घर साधं, सिमेंटचं. बाहेरच्या बाजूला एक लहान खोली होती, आणि तिच्या उंबऱ्याशी कांताबाईची आई, सगुणाबाई, बसलेली. उंच, हाडकुळी बाई. उठली नाही. आम्हाला पाणी द्या म्हणून आत सुनेला हाक मारली आणि तिथूनच बोलायला लागली.

यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. शेवटचं नीट कधी चाललं होतं?

"भाऊबीजेला बोल्ला तो. त्याच्यानंतर न्हाई."

"कोण बोललं?"

"माहा रामकिसन. दुसरं कोन बोलंल?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मग त्या बाईनं सगळं सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात कुठंही कंप नव्हता.

रामकिसन त्या खोलीत लग्नपत्रिका करायचा, लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचा. शेती बटईनं दिलेली. कॉम्प्युटर चालू होताना जी सुरावट वाजते ती त्यानं काढून टाकली होती आणि तिथं स्वतःचा आवाज भरला होता. खटका दाबला, मशीन तयार झालं, की ते त्याच्याच आवाजात म्हणायचं, "नंदे, चहा आण गं!" नंदा म्हणजे त्याची बायको, बेबीनंदा. पोरगी हसत चहा घेऊन यायची. नवरा-बायकोची गंमत, बाकी काही नाही.

मग तो गेला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. कांताबाई बोलली, मामा बोलला, गावकऱ्यांनी शब्द दिले, शेती सांभाळू, आईला सांभाळू. कावळा झाडावरून उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे मान खाली घालून घरी आले. अंगणात पाय धुवत होते, तेवढ्यात गावातली लाईट आली. आणि बंद खोलीतून आवाज आला, "नंदे, चहा आण गं!"

कारण अगदी साधं होतं. ते जुन्या पद्धतीचं मशीन, त्याचा खटका दाबला की दाबलेलाच राहतो. रामकिसन अपघाताच्या संध्याकाळी बाहेर पडला तेव्हा लाईट गेलेली होती, त्यानं खटका वर केलेलाच नव्हता. मधल्या दिवसांत त्या बाजूची तार तुटलेली होती, ती त्याच दिवशी कुणीतरी जोडली. हे सगळं यांनी नंतर मला समजावून सांगितलं. पण त्या अंगणात त्या वेळी उभं राहून कुणाला हे सुचलं असतं? मला तरी नसतं सुचलं.

"समदे थिजले," सगुणाबाई म्हणाली. "मला तवा कळलं, कावळा काहून शिवला न्हाई ते. म्या नंदीला म्हन्लं, बघत काय राह्यली? त्याला चहा दे."

तेव्हापासून तो खटका कुणी वर केला नाही. लाईट येईल तेव्हा मशीन आपोआप चालू व्हायचं, चहा मागायचं, आणि बेबीनंदा कपबशी नेऊन मशीनवर ठेवायची. थंड झाला की अंगणाच्या कोपऱ्यात ओतायचा. लाईट दिवसातून कितीदा जायची-यायची याला धरबंध नव्हता, तसा चहालाही नव्हता.

"अन् आता?" यांनी विचारलं.

"आता तोंड उघडतो अन् बोलत न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

ती असं म्हणते न म्हणते तोच लाईट आली. सगुणाबाईनं हात वर केला, तसे आम्ही गप्प झालो. खोलीत कुणी नव्हतं. आतून टुक्कन आवाज आला, पंखा घरघरायला लागला. पडदा निळा झाला, त्यावर पिवळी पट्टी सरकत गेली, मग आभाळ आणि ढगांचं ते चित्र आलं. स्वयंपाकघरात पातेलं खडखडलं. सगुणाबाई दाराच्या चौकटीला धरून पुढं वाकली होती, बहिऱ्या माणसानं वाकावं तशी. ढग तिथंच थांबले. नुसता पंखा फिरत राहिला.

"बघा," ती म्हणाली. "हितंच अडकतो."

यांनी मशीन उघडलं. आत लाल मुंग्यांची रांगच्या रांग. वर्षभर मशीनवर साखरेचा चहा ठेवल्यावर दुसरं काय होणार? हिंदकळलेल्या चहाचे चिकट ओघळ आतपर्यंत गेले होते. हे ब्रश घेऊन साफ करत बसले आणि मी माझ्या कामाला, म्हणजे बोलायला, स्वयंपाकघरात गेले.

बेबीनंदा चुलीजवळ उभी होती. विशी-बाविशीची असेल. पातेल्यात पाणी उकळत होतं, साखर-पत्ती टाकून झाली होती.

"तो तर बोलला नाही," मी म्हटलं. "मग चहा कशाला ठेवलास?"

"न्हाई ठेवला," ती म्हणाली, आणि मग पातेल्याकडं बघून ओशाळली. "हातच जातेत काकू. पंख्याचा आवाज आला की हात जातेत. ताप होता तवा बी उठायची. झोपीत बी उठायची."

तिचा भाऊ पुंजाराम तिला न्यायला दोनदा येऊन गेला होता. तिच्यासाठी एक स्थळ होतं, चांगलं होतं. सगुणाबाईनं नाही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली होती, "तो रोज हिला बोलावून राह्यला. त्यानं सोडलं की घेऊन जा." पुंजाराम यावर काय भांडणार? मेलेल्या माणसाशी कुणी भांडतं का?

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

ती पदराचं टोक पिळत राहिली. "एकदा निघाल्ते. एश्टीत बसले बी. मंग लाईट आली, समोरच्या हाटेलातला रेडू चालू झाला. मी उतरले अन् घरी आले. भाऊ तसाच गाडीत." थोड्या वेळानं म्हणाली, "तो बोलायचा थांबल्यापासून मला झोप लागून राह्यली. लई झोपते. आत्याबाई जेवत न्हाईत अन् मी झोपून राह्यते."

मग तिनं मला विचारलं, "होईल का वो दुरुस्त?" आणि तिला कुठलं उत्तर हवं आहे ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिलाही ते कळत नसावं. त्या पोरीची मला इतकी कीव आली की मी पातेलं उतरवून तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

मुंग्या काढून झाल्या तरी मशीन ढगांपाशीच अडकत होतं. मग यांनी ते दुसऱ्या रीतीनं चालू केलं. त्याला सेफ मोड म्हणतात. त्यात मशीन फक्त गरजेपुरतं उठतं, गाणं-आवाज काही नाही. तसं ते नीट चालू झालं. यांनी आनंदानं सगुणाबाईला हाक मारली, "आजी, बघा, चालू झालं!"

ती बघत राहिली. "हे चालू हाय ते दिसतंय भाऊ. पर तो कुठंय?"

बिघाड यांच्या ध्यानात आला होता. आतल्या तबकडीवर, हार्ड डिस्क म्हणतात तिला, सगळं साठवलेलं असतं. लाईट अशी झटक्यानं गेली की तिला ओरखडा बसतो. आणि ओरखडा नेमका तिथं बसला होता, जिथं रामकिसनचा तो आवाज होता. मशीन उठायचं, सगळं करायचं, आणि तो आवाज वाचायला गेलं की तिथंच रुतून बसायचं. आवाज काढून टाकला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आवाज वाचवायचा तर तबकडी घरी नेऊन पुन्हापुन्हा प्रयत्न करायला हवा होता.

घराबाहेर न्यायचं म्हटल्यावर सगुणाबाई उठून दारात आडवी उभी राहिली. मग आत जाऊन तिनं रामकिसनचा धुतलेला सदरा आणला, ती तबकडी त्यात गुंडाळली, आणि यांच्या हातात देताना त्या गाठोड्याकडं बघून म्हणाली, "जाऊन ये." परतीच्या गाडीत हे ते गाठोडं मांडीवर धरून बसले. मी एकदा पिशवीत ठेवा म्हटलं तर माझ्यावर खेकसले.

अंबडला यांनी ती तबकडी दुकानातल्या मशीनला जोडली आणि दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावला नाही. आवाजाचा एक तुकडा निघायचा, पुढचा अडायचा. मी जेवायला बोलावून बोलावून थकले. शेवटी एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले, स्टुलावर बसले, आणि तेवढ्यात स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, "नंदे, चहा आण गं!"

तरुण आवाज. हसू दाबत बोललेला. इतका जवळून, इतका ताजा, की मी उठले. खरंच उठले. दुकानात ना चूल ना चहा, आणि मी डबा खाली ठेवून दाराकडं निघालेली.

"सापडला!" हे म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं यांच्या. "विमल, अख्खा सापडला!"

"पुसून टाका," मी म्हणाले.

मग आमचं जे भांडण झालं ते बोळातल्या सगळ्या दुकानांनी ऐकलं असणार. मी म्हणत होते, ती पोरगी जन्मभर एका मशीनला चहा करत बसेल, तिची चूल तुम्ही पुन्हा पेटवणार आहात का? हे म्हणत होते, "त्या माउलीनं मला विश्वासानं तिचा मुलगा दिलाय. मला दुरुस्ती सांगितली आहे विमल, न्यायनिवाडा नाही." दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघंही मागं हटेनात. मी डबा तसाच परत आणला. रात्री हेही जेवले नाहीत आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्वतःच घरी आले. चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तबकडीवर आणखी काही आवाज सापडले होते. रामकिसननं ती गंमत भरताना बऱ्याच वेळा प्रयत्न केले होते आणि फसलेले प्रयत्न पुसायचे राहून गेले होते. एकात तो हसत सुटलेला. एकात नुसताच खोकला. आणि एकात तो "नंदे" म्हणायच्या आतच बाहेरून सगुणाबाईची हाक येते, "रामकिसन, जेवाया ये रे, भाकर वाळून राह्यली." आणि तो म्हणतो, "आलो आई. थांब जराशी."

"यात नंदाचं नाव नाही," हे म्हणाले. "आईचं आहे. आवाज त्याचाच आहे. मी खोटं काहीच देत नाही."

मी आनंदानं यांच्या पाठीवर थाप मारली असती, पण हात पिठाचे होते. मला वाटलं, माझ्या या अबोल नवऱ्यासारखा शहाणा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. चहाचा आवाज यांनी पुसला नाही, तो हक्क आपला नाही म्हणाले. आत कुठंतरी ठेवून दिला. मशीन चालू होताना मात्र आता हा दुसरा आवाज येणार होता, आणि त्यातली सगुणाबाईची हाक यांनी कापून टाकली होती. उरलं ते फक्त उत्तर.

तीर्थपुरीला तबकडी परत बसवली तेव्हा लाईट होती. सगुणाबाई उंबऱ्याशी, बेबीनंदा स्वयंपाकघराच्या दारात. यांनी खटका दाबला. पंखा फिरला, पट्टी सरकली, ढग आले. बेबीनंदाचं पातेलं आत खडखडलंच. आणि मग तो बोलला.

"आलो आई. थांब जराशी."

सगुणाबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा का हसण्याचा ते मला आजही सांगता येणार नाही. ती उठून उभी राहिली आणि मशीनला म्हणाली, "ये रे बाबा. ये." वर्षभरात तिला त्यानं पहिल्यांदा हाक मारली होती. इतके दिवस तो बोलायचा ते सुनेशी. आई नुसती ऐकायची.

मग तिनं यांना विचारलं, "नंदीला न्हाई बोलावलं?"

"नाही," हे म्हणाले.

तिनं वळून सुनेकडं पाहिलं. बेबीनंदानं तोवर पातेलं चुलीवरून उतरवलं होतं आणि ते हातात धरून ती उभी होती. ते कुठं ठेवायचं हे तिला सुचत नव्हतं.

"मंग त्यानं सोडलं तुला," सगुणाबाई म्हणाली. "पुंजारामला निरोप धाडते."

शब्दाला जागली ती. सुनेला साडी-चोळी करून, ओटी नाही भरता आली तरी पदरात शेंगा आणि गूळ बांधून लावून दिलं. बेबीनंदा आता अंकुशनगरला असते. नवरा उसाच्या कामावर आहे, पदरात एक मुलगी आहे. मी एकदा तिच्या घरी गेले होते. तिनं मला गरम दूध दिलं. तिच्या घरात चहापत्तीच नाही. ती हसते, भांडते, अंगानं भरली आहे. म्हणून मी आजही छातीठोकपणे म्हणते, आम्ही केलं ते बरोबर केलं. कुणाला पटत नसेल तर न पटो.

पण वर्षभरानं कांताबाई पुन्हा दुकानात आली. या वेळी ती बसली नाही.

"तुमी काय भरून ठिवलंय त्या मशीनीत?" ती ओरडली. "माय माह्या घरी यायला तयार न्हाई. पडली, हात मोडला, तरी एकटीच. किती समजावलं. म्हन्ते, तो येतो म्हन्लाय, थांब म्हन्लाय, मी कशी येऊ? लाईट आली की भाकर टाकते. ताट वाढून बसते. तो बोलल्याबिगर घास घेत न्हाई. अन् ज्या दिवशी लाईट येत न्हाई त्या दिवशी उपाशी."

यांच्या हातातली सोल्डरिंगची गन टेबलाला टेकून तशीच तापत राहिली. टेबलाचं लाकूड जळाल्याचा वास आला तेव्हा मी ती बाजूला घेतली.

त्याच दिवशी आम्ही निघालो. घर तसंच होतं, पण अंगण झाडलेलं नव्हतं. सगुणाबाई उंबऱ्याशी बसलेली, एक हात गळ्यात बांधलेला. शेजारी ताट, त्यावर दुसरं ताट पालथं. लाईट नव्हती.

"आवाज काढायला आलात न्हवं?" ती म्हणाली. "कांतीनं धाडलं असंल."

हे तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. "आजी, तो जुना आवाज आहे. तुम्ही कधीतरी त्याला जेवायला हाक मारली होती, तेव्हाचा. तुमची हाक मी कापली. त्याचं बोलणं तेवढं ठेवलं. तो आता येणार म्हणून बोलत नाही."

मला वाटलं आता ही कोसळेल, नाहीतर यांना शिव्या देईल. दोन्ही झालं नाही.

"मला काय एवढं बी कळत न्हाई का भाऊ?" ती म्हणाली. "मेलेलं माणूस येत न्हाई. म्या त्याला माह्या हातानं न्हाऊ घातलं, सरणावर ठिवलं. ते समदं मला ठावं हाय." तिनं पालथं ताट जरा सरळ केलं. "काढा, काढायचं असंल तर. पर तुमीच सांगा. लेकरू म्हन्तंय आई थांब, अन् मायनं उठून जायचं?"

यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. तो तसाच हातात राहिला. बऱ्याच वेळानं यांनी तो पिशवीत ठेवला आणि दोरी ओढून गाठ मारली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बायकांशी बोलायलाच तर मला आणायचे. पण मला एकही शब्द सुचला नाही.

आम्ही उठलो. अंगण ओलांडून रस्त्यावर पाय टाकला आणि लाईट आली. पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला, कुठंतरी टीव्ही सुरू झाला. मागं खोलीतून टुक्कन आवाज आला, पंखा घरघरला. आणि मग ते तरुण, घाईतलं, जिवंत बोलणं.

"आलो आई. थांब जराशी."

"थांबले रे," सगुणाबाई म्हणाली. "थांबलेय."

आमचे हे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पुढं पाऊल टाकेनात. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला तरी हलेनात. मग मी भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, यांचा हात धरला आणि लहान मुलाला न्यावं तसं स्टँडपर्यंत नेलं.